शेरा : बोलत नाही

“आ कर. अजून मोठा.”

पल्लवीने तोंड उघडलं. डॉक्टर तेजलने बॅटरीच्या उजेडात पाहिलं. जीभ मोकळी, टाळू अखंड, घसा स्वच्छ. कुठे काही बिघडलेलं दिसेना.

शाळा तपासणीची गाडी वर्षातून एकदा पेठ तालुक्यातल्या या पाड्यावर यायची. दोन खोल्यांची शाळा, बावीस मुलं, आणि पहिली ते चौथी शिकवायला एकटे भिमाजी गांगुर्डे गुरुजी. डोळे, दात, वजन सगळं उरकलं होतं. पल्लवीला गुरुजींनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

“तिसरीत आहे. दोन वर्षांत एक शब्द बोललेली नाही, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही कागद दिलात तर नाशिकला मुक्या मुलांच्या शाळेत घालता येईल. राहायची सोय असते तिथे. इथे तिचं वाटोळं होतंय हो.”

“घरी बोलते का?”

“आजी म्हणते, बोलते. पण आपलं लेकरू मुकं आहे हे कुठली आजी कबूल करील? आईबाप द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे. सहा महिने इकडे नसतातच.” मग वर्गाकडे हात करून गुरुजी अभिमानाने म्हणाले, “बाकीची बघा. एकेक उत्तर कसं खणखणीत! मोठ्याने बोला, हे मी पहिल्या दिवसापासून शिकवतो. त्याने धीर येतो.”

ते खरंच होतं. सकाळी गाडी ओढ्यापलीकडे होती तेव्हापासूनच तेजलला वर्गाचा आवाज ऐकू येत होता.

ती पल्लवीच्या मागे गेली आणि कुजबुजली, “उजवा हात वर कर.” हात वर गेला. “आता डोक्यावर ठेव.” हात डोक्यावर गेला.

कान ठीक. जीभ ठीक. मग शब्द अडतोय कुठे? तेजलला आता राहवेना. फॉर्मवर ‘बोलत नाही’ हा शेरा लिहून झाला होता, पण सही करायचं सोडून ती मुलीसमोर उकिडवी बसली.

“नाव काय गं तुझं?”

“पल्लवी मंगळू भोये.”

आवाज बारीक होता, पण एकेक अक्षर स्वच्छ. तेजलने चमकून वर पाहिलं. गुरुजी पल्लवीच्या मागेच उभे होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

“बघितलंत?” ते हळहळून म्हणाले. “हे असं. काहीच नाही.”

वर्गातल्या मुलांनी माना खाली घातल्या.

“आज काय खाल्लंस?” तेजलने पुन्हा विचारलं.

“नागलीची भाकर.”

गुरुजींनी निराशेने मान हलवली.

तेजल उठली. खिडकीकडे तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, तुमच्या पायाशी विंचू आहे.”

बावीस मुलांनी दचकून खाली पाहिलं. दोघं तिघं तर उभीच राहिली. गुरुजी जागचे हलले नाहीत.

तिने मुलांना अंगणात पाठवलं आणि गुरुजींच्या अगदी समोर बसली.

“गुरुजी, ती बोलली. दोनदा.”

ते तिच्या ओठांकडे बघत होते. “कधी?”

“आत्ता. तुमच्या हाताखाली उभी राहून.”

गुरुजी खुर्चीत बसले. मग म्हणाले, “कमी ऐकू येतं, हे माहीत होतं. बायको फोन घेते. तालुक्याला मीटिंग असली की मी पुढे बसून तोंडं वाचतो. निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत. अनफिट म्हणून घरी बसवतील, या भीतीने कुणाला बोललो नाही. वाटलं, भागतंय.” त्यांनी दाराबाहेर पाहिलं. “ती मागे बसते, मान खाली घालून. म्हणजे रोज बोलत असेल?”

“ते मला नाही सांगता येणार.”

तेजलच्या फॉर्मवर शिक्षकासाठी रकाना नव्हता. तपासणी अठरा वर्षांच्या आतल्यांचीच. तिने पल्लवीच्या नावापुढचा शेरा खोडला. वेगळ्या कागदावर सिव्हिल हॉस्पिटलच्या कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि वर गुरुजींचं नाव घातलं.

“कानाला मशीन लावलं म्हणून नोकरी जात नाही, गुरुजी. चष्मा लागला म्हणून जाते का?”

दीड महिन्याने तिची गाडी पलीकडच्या पाड्यावर निघाली होती. ही शाळा त्या दिवशीच्या यादीत नव्हती. तरी तिने ड्रायव्हरला वळायला सांगितलं.

गुरुजींच्या दोन्ही कानांत मशीन होतं, आदल्याच दिवशी मिळालेलं. खडूच्या करकरीने ते दचकत होते. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मागे वळून बघत होते.

“पोरांनो, आता ओरडायचं नाही,” ते वर्गाला म्हणाले. “हळू बोला. मला येतं ऐकू. चौथीवाले, सांगा बरं. साडेतीन डझन केळी म्हणजे किती केळी?”

कुणीच बोललं नाही. पुढच्या रांगेतली, एरवी घसा फोडून सांगणारी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. गुरुजींना वाटलं, मशीन बंद पडलं. ते चाचपायला त्यांनी हात वर नेला.

तेवढ्यात मागून, भिंतीलगतच्या रांगेतून, बारीक आवाज आला.

“बेचाळीस.”

गुरुजींचा हात तसाच थांबला. मागे पल्लवी बसली होती, तिसरीतली. तिच्याकडे ते बघतच राहिले. मग चौथीतल्या सगळ्यात हुशार मुलीकडे वळले.

“पुतळे, तुला का नाही आलं? परवापर्यंत तर पहिलं उत्तर तुझंच असायचं.”

पुतळी उभी राहिली. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे, अगदी हळू बोलली.

“नाय गुरुजी. सांगायची तीच. आम्ही नुसतं वरडायचो.”