भुईसोन्याची मुळी

अकराव्या दिवशी पडद्यावर विश्रामचं यकृत निरोगी दिसू लागलं. विश्रामला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या शरीराची संगणकातली नक्कल मात्र, इतर हजारो रुग्णांच्या नकलांसारखी, नव्या औषधांच्या चाचणीसाठी जपून ठेवलेली होती. ह्या चाचणीचं काम त्याच्या बायकोकडे, शुभदाकडेच आलं होतं.

भुईसोन्याची मुळी घेऊन सातपुड्यातून आलेल्या वैदू रुख्माबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"गुण आला ना?" त्यांनी विचारलं.

"आला."

"कोण हा माणूस?"

"माझे यजमान."

रुख्माबाई पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही आलीस, बाई? माझा बापसुद्धा हीच मुळी द्यायचा."

"ते म्हणत होते, जाऊन बघू. मीच म्हटलं, चाचणी झाल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

रुख्माबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या गाडी गाठायला निघून गेल्या.

तीनदा गुण दिसल्याशिवाय औषध माणसांना देता येत नसे, आणि दर वेळी सुरुवात त्याच आजारापासून करावी लागे. शुभदा तासभर पडद्यासमोर बसून राहिली. बरा झालेला विश्राम तिने कधी पाहिलाच नव्हता.

"आणखी दोनदाच," ती हळूच म्हणाली, आणि तिने त्याला पुन्हा आजारी केलं.