कर्नलसाहेबांचा कोट

"टाके दिसता कामा नयेत, टटलबाई," कर्नल पेटिंगिल म्हणाले आणि कोट त्यांनी तिच्या टेबलावर, बटणांच्या ढिगावरच टाकला. "अस्तराला कसर लागलीय. भोकाला मात्र हात लावायचा नाही."

भोकाला कोण हात लावणार! साऱ्या थॉर्नबरीचं ते दैवत होतं. कारखान्याच्या कचेरीत, काचेच्या कपाटात हा निळा कोट बावीस वर्षं टांगलेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या खंदकांवर चाल करताना गोळी म्हणे छातीशी शिरली, पाठीतून बाहेर पडली आणि देवाच्या कृपेनं साहेबांना चाटूनसुद्धा गेली नाही. रक्ताचा थेंब सांडला नाही, असं ते दरवर्षी भाषणात सांगत. छाती आणि पाठ यांच्या मध्ये साहेब त्या वेळी नक्की कुठं होते, हे त्यांच्या पगारावर जगणाऱ्या गावानं विचारायचं नसतं. युद्ध संपलं तेव्हा ते कॅप्टन होते. पितळी बटणांचा कारखाना वाढत गेला, तसे आपोआप कर्नल झाले.

केझाया टटल त्या कारखान्यात पुठ्ठ्यांवर बटणं शिवायची. तिचा नवरा ऑरिन साहेबांच्याच तुकडीत शिपाई होता. त्याच लढाईनंतर साहेबांनी त्याच्या नावापुढे 'पळाला' असं लिहून पाठवलं. तेव्हापासून चर्चमध्ये तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नव्हतं. आता मेअखेरीला, सैनिकांच्या कबरींना फुलं वाहायच्या दिवशी, तुकडीतल्या मेलेल्यांच्या नावांची शिळा चौकात उभी राहायची होती.

केझाया उठून उभी राहिली. "साहेब, शिळेवर अजून एक ओळ मावेल. ऑरिन पळणारा माणूस नव्हता."

"शिळा छातीवर गोळी झेलणाऱ्यांची आहे, बाई. पाठ दाखवणाऱ्यांची नाही," साहेब म्हणाले. "टाके बारीक घाला."

दुपारी घरी खिडकीशी बसून तिनं अस्तर बघितलं. पाठीच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मध्ये एक शिवण तिरपी गेली होती. काळ्या दोऱ्याचे हे लांबच लांब, वेडेवाकडे टाके. शिंप्याचे नव्हेतच. या टाक्यांना ती एके काळी पोट धरधरून हसली होती. तिनं ती शिवण उसवली. आतून वीतभर कापडी पट्टी निघाली, जुन्या रक्तानं तपकिरी झालेली. साहेबांनी कोट धुतला होता, पण अस्तराच्या आतलं धुवायचं राहून गेलं होतं. पट्टीवर लाल दोऱ्यानं तिनंच भरलेली ठळक अक्षरं होती: ऑरिन टटल, थॉर्नबरी.

चढाईच्या आधी शिपाई पाठीवर नावाची चिठ्ठी लावत, मागाहून प्रेत ओळखू यावं म्हणून. कागद पावसात भिजेल, म्हणून केझायानं कापडाची करून दिली होती. "अंगात कुठलाही डगला असू दे, ही त्याला शिवायचीच," असं बजावलं होतं. वरून दिसू नये म्हणून अस्तराच्या आत, पण त्या वेड्यानं तेवढं ऐकलं होतं. ती खूप रडली. मग तिला राग आला, आणि रडण्यापेक्षा तो बरा वाटला.

कारखान्याच्या फाटकावर एनॉस पहाऱ्याला असायचा. युद्धात तुकडीचा ढोल तोच वाजवायचा.

"एनॉस, त्या दिवशी कॅप्टनच्या अंगात काय होतं?" तिनं सरळच विचारलं. "खरं सांग."

एनॉसनं इकडंतिकडं बघितलं. "शिपायाचा साधा डगला. पलीकडचे नेमबाज आधी चमकणारी बटणं टिपायचे ना."

"आणि हा कोट?"

"धुरात सगळ्यांच्या पुढं दिसत होता. आम्हाला वाटलं, साहेबच आहेत. त्या कोटामागनंच तर गेलो आम्ही. संध्याकाळी बघतो तर साहेब कोट घालून उभे. म्हटलं, वाचले असतील बाबा."

तिनं पट्टी पुढं केली. एनॉसनं वाचली आणि टोपी काढली. "निम्मी तुकडी या फाटकातनं कामाला येते, केझाया," तो खाली बघत म्हणाला. "कोण बोलणार?"

कुणी बोलायची गरजच नव्हती. साहेबांनी हुकमानं ऑरिनला आपला कोट चढवला, तो मेल्यावर उतरवून घेतला आणि प्रेत बेनाम खड्ड्यात गेलं. मेला म्हणून लिहिलं असतं, तर कसा मेला हे सांगावं लागलं असतं. पळाला म्हटलं की भागलं.

फुलांच्या दिवशी केझायानं कोट स्वतः कचेरीत नेला. पाठीमागं उभं राहून तिनं तो उघडून धरला. "हात घाला, साहेब."

पोटावर बटणं लागेनात. शेवटी लागली. साहेबांनी आरशात छाती बघितली, भोकावरून बोट फिरवलं.

"टाके दिसत नाहीत हं. शाबास!"

"पुढून नाही दिसत," ती म्हणाली.

साहेब पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवणुकीच्या अग्रभागी निघाले. मागं एनॉसचा ढोल, त्याच्या मागं तुकडीतले चाळीस जुने शिपाई. पहिल्याच वळणावर ढोल थांबला. साहेबांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पट्टी पांढऱ्या दोऱ्यानं पक्की शिवलेली होती. पाठीवरचं नाव म्हणजे आतल्या प्रेताचं नाव, हे त्या चाळीस जणांना कुणी समजावायला नको होतं. भोकाकडे त्यांनी बावीस वर्षं बघितलं होतं. आता नाव वाचलं. एकेकानं टोपी काढली. लायलॅकची फुलं घेऊन कडेला उभ्या असलेल्या बायका, चर्चमध्ये केझायापासून दूर बसणाऱ्या त्याच बायका, एकदम गप्प झाल्या.

एनॉसनं पुन्हा ढोलावर टिपरी मारली. ती शांतता साहेबांनी मानवंदना समजून घेतली आणि हात वर करून स्वीकारलीसुद्धा. मागं वळून बघावं असं त्यांना वाटलं नाही.

बावीस वर्षांनी तुकडी पुन्हा ऑरिन टटलच्या मागनं निघाली होती. साहेब या खेपेला नुसते कोटाच्या आत होते.