टिटवीचा वस्तुपाठ

टेबलावर वाळूनं भरलेल्या ताटलीत टिटवीची चार अंडी ठेवली होती. अभिमन गुरुजी छडीच्या टोकानं ती वर्गाला दाखवत होते.

"रंग पाहा, थेट नदीतल्या गोट्यांसारखा. कावळ्याला दिसू नयेत म्हणून. टिटवी घरटं बांधत नाही, पण अंडी जिवापाड राखते."

शाळा तपासायला आलेले डिपोटीसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "चित्रावर भागवणारे मास्तर पुष्कळ पाहिले. वस्तुपाठाला खरी वस्तू आज पाहतोय. कुठे सापडली?"

"बोरी नदीच्या पात्रात, साहेब."

"अरे बापरे! टिटवी पात्रात उतरली म्हणजे यंदा पावसाची बोंबच की!"

वर्ग हसला. गुरुजीही हसले. साहेबांचा शेरा चांगला पडला, तर लोकलबोर्डात गुरुजींची नोकरी कायम होणार होती. शाळेमागेच नदी. तिथून टिटवीचं ओरडणं सकाळपासून थांबलं नव्हतं.

"आणली कुणी?"

काल संध्याकाळी गुरुजींनी स्वतःच ती धोतराच्या सोग्यात घालून आणली होती.

"मुलांनी," ते म्हणाले, आणि सवयीनं त्यांची नजर सुंदरवर गेली. नदीत टरबुजांची वाडी करणाऱ्या झिपरूची ही पोर. मागच्या महिन्यात ती असंच एक अंडं मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन आली होती. पाखराचा संसार मोडला म्हणून गुरुजींनी तिला छडी दिली होती.

गुरुजींच्या नजरेमागोमाग साहेबांची नजर गेली, मग सगळ्या वर्गाची. सुंदर उभी राहिली.

"काय गं, पाखराची अंडी उचलू नयेत, हे गुरुजींनी शिकवलं नाही?"

"शिकाडेल शे, साहेब."

"ऐका! शिकवलेलं पाठ आहे, वळलं मात्र नाही." साहेब गुरुजींकडे वळले. "शिक्षण तुमचं चोख आहे, मास्तर. आता शिक्षाही तुम्हीच करा."

गुरुजींना 'मीच' एवढाच शब्द बोलायचा होता. तो जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

सुंदर टेबलापाशी आली. अंड्यांकडे तिनं पाहिलं नाही, गुरुजींकडेही नाही. तिनं डावा हात पुढे केला.

उजवा लिहायला लागतो, हे मागच्या वेळी गुरुजींनीच तिला सांगितलं होतं.