सात सह्यांची क्षमा

“जिन्यावरचा दिवा लावण्यास सेवक विसरला व त्यामुळे अंधारात तोल जाऊन ऑर्गनवादकाचे निधन झाले, तथापि ख्रिस्ती प्रीतीस अनुसरून सेवकास क्षमा करण्यात येत आहे.”

एवढे मोठ्याने वाचून ऑर्गनवादकाची बायको थांबली. निवेदनाखाली समितीच्या सात सह्या होत्या. आठवी जागा या बाईंसाठी कोरी ठेवली होती. मंडळीपुढे उभे राहून ‘मीही क्षमा केली’ एवढे म्हणायचे, सही ठोकायची, की रविवारची उपासना पुढे सरकणार होती. शेजारी चर्चचा म्हातारा सेवक मान खाली घालून उभा होता. त्याने बावीस वर्षे तिथली घंटा वाजवली होती आणि दिवे लावले होते. क्षमा मिळताच आठ दिवसांत त्याने आवारातली खोली रिकामी करावी, असे तिसऱ्या परिच्छेदात होते. समितीची प्रीती अशी तपशीलवार होती.

बाई ते वाक्य म्हणेनात. क्षमा करायची नाही, असे मुळीच नव्हते. तीन आठवडे त्या रोज गुडघे टेकत होत्या आणि प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या ओळीवर रोज ठेचाळत होत्या. आपल्याला काही खुपते आहे, की आपले मनच कोते आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगेना. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला होता. चुकीचा मजकूर त्यांना आधी बोटांना कळे, डोक्याला मागाहून. आत्ता बोट ‘जिन्यावरचा’ या शब्दावर थबकले होते.

“वहिनी, उरका की आता,” पहिल्या बाकावरून नणंद कुजबुजली. “क्षमेतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणार का?”

दोघे-चौघे हसले. बाईंनाही आपले चुकतेय असे वाटले. भर प्रार्थनेत माडीवरचा ऑर्गन सोडून ऑर्गनवाला जिन्यावर गेलाच कशाला, हे सात सह्यांपैकी एकीलाही विचारावेसे वाटले नव्हते. मग आपणच का विचारावे?

तरी त्या सेवकाकडे वळल्या. “दिवा लावला होतात का हो तुम्ही?”

“लावला होता असं वाटत होतं, बाई.” म्हातारा गोंधळून गेला. “पण एवढी शिकलेली माणसं लिहितात म्हणजे विसरलो असेन. माफ करून टाका. मी एकदाचा सुटेन आणि तुम्हीपण.”

“आणि हॉलमधले दिवे?”

तीन आठवड्यांपूर्वी, अपघाताच्या रविवारी, ‘पाप म्हणजे अंधार’ हा विषय होता. खिडक्यांवर जाड पडदे ओढले होते. पापाचा अनुभव मंडळीला बसल्या जागी मिळावा, अशी पाळकसाहेबांची योजना होती.

“ते मी घालवलेच नाहीत,” सेवक म्हणाला. “साहेब खूण करणार, मग मी एकेक बटण बंद करणार, असं ठरलं होतं. मी आपला खुणेकडे डोळे लावून उभा. तेवढ्यात सगळंच गेलं. म्हटलं, वीज गेली. मग आली परत.”

बाईंना तो रविवार आठवला. अंधार पडला त्याच क्षणी ऑर्गनचा सूर मधेच तुटला होता. प्रार्थनेसाठी यांनी हात आवरला, असे त्या तेव्हा धरून चालल्या होत्या. पण तीस वर्षांत यांनी सूर अर्धा सोडल्याचे त्यांना आठवेना.

“विजेबरोबर ऑर्गनही बंद पडला,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखे बोलल्या. “म्हणून हे बघायला खाली निघाले. जिन्यावरचा दिवाही तेव्हाच गेला असणार.”

परत प्रकाश आला तेव्हा ते जिन्याच्या पायथ्याशी दिसले होते. चौथ्या बाकावरचे डॉक्टर धावले. पण रक्त फार गेले होते.

“बाई,” व्यासपीठावरून पाळकसाहेब मृदू आवाजात म्हणाले, “ही जागा चौकशीची नाही. क्षमेची आहे.”

“मी क्षमा करायलाच उभी आहे, पाळकसाहेब.” बाईंनी कागद व्यासपीठाकडे धरला. “फक्त क्षमा ज्याला करायची त्याचं नाव बरोबर आहे ना, एवढं बघून सांगा. मला काही सुचेनासं झालंय.”

कोणीच हसले नाही. चर्चचा मेन स्विच व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर आहे, हे तिथे लहानथोर सर्वांना ठाऊक होते. एकेक करून नजरा त्या भिंतीकडे गेल्या. नणंदेने हातातले गीतपुस्तक मिटले. सातही सह्या करणारे आपापल्या बुटांचे निरीक्षण करू लागले. पाळकसाहेबांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली.

समितीचा चिटणीस सवयीने इतिवृत्त लिहीत होता. हात थांबवावा हे त्याला सुचले नाही. त्यामुळे पाळकसाहेबांचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरले:

“मेन मीच बंद केला. एका झटक्यात काळोख हवा होता मला. मग हॉलच्या मागच्या बाजूला काहीतरी धाडकन पडलं. मला वाटलं, पापाची जाणीव होऊन कोणीतरी गुडघ्यांवर आलं. म्हणून मी अंधार आणखी पाच मिनिटं तसाच ठेवला.”