मडमबाईचा फ्रॉक

"बाई, नाटकात मडमबाई नेहमी गोरीच मुलगी का होते?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भर तालमीत विचारूनच टाकलं! आमच्या मिशन शाळेच्या स्थापनादिनाचं नाटक. शाळा काढणारी मडमबाई गावाने विहिरीवरून हाकललेल्या मुलीला स्वतः पाणी शेंदून देते आणि म्हणते, "देवाला सगळी लेकरं सारखी." यंदा मडमबाई मी होते.

बाई हसल्या. "अगं, शोभायला नको का? तुझा रंग बघ आणि मार्थाचा बघ!"

सगळ्या खिदळल्या. मीसुद्धा. हाकललेल्या मुलीचं काम करणारी मार्था तेवढी हसली नाही. मी संवाद विसरले की मागून तीच पुटपुटायची. अख्खं नाटक तिला पाठ. तिने दरवर्षीसारखी रिकामी घागर डोक्यावर घेतली.

"चल ना मडमबाई," ती म्हणाली, "मला हाकलून झालंय."

घरी मम्मी माझ्या पांढऱ्या फ्रॉकला लेस लावत होती. पप्पा कौतुकाने बघत होते.

"फ्रॉक मार्थाच्या मापाचा करा," मी म्हणाले. "यंदा घागर मी उचलणार. बाई नाही म्हणाल्या, तर नाटकातच नाही मी."