आधी स्कोअर, मग सर्व्हिस

सर्व्हिस करण्याआधी स्कोअर मोठ्यानं सांगायचा असतो हे कळलं, तेव्हा गोपीनाथ मेश्रामांना वाटलं, आपण उगाच आलो.

"तीन नंबर हैं, बस," जाळीपलीकडून निगमसाहेब समजावत होते. "पहले अपने पॉइंट, फिर सामनेवालों के, फिर ये कि जोड़ी में आप पहले सर्व कर रहे हैं या दूसरे. जो सर्व करे वही बोले. बिना बोले सर्व नहीं."

"अच्छा," गोपीनाथ म्हणाले आणि त्यांनी हातातलं पॅडल उलटसुलट करून पाहिलं. दिसायला पोळपाटाची धाकटी बहीणच.

पिकलबॉलचं हे खूळ अरुणाचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. गुडघ्यांमुळे गोपीनाथांचं बॅडमिंटन सुटलं होतं आणि त्यांचं असं घरी बसून राहणं तिला बघवत नव्हतं. तिनं जागा शोधायला सुरुवात केली. शहराच्या दुसऱ्या टोकाचं, जानकीपुरमचं भाड्याचं टर्फ लांब पडत होतं, छावणीतल्या कोर्टला पास लागत होता. शेवटी मानक नगरच्या त्यांच्याच कॉलनीत निगम नवराबायकोनं बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टवर पिवळ्या रेघा मारल्या, जाळी खाली बांधली आणि रविवारी नवशिक्यांनी यावं म्हणून ग्रुपवर टाकलं. चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा. सर्व्हिस कमरेखालून. गोपीनाथांना वाटलं, एवढं जमेल. बोलावंही लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचे थोरले बंधू दत्तात्रय यांचं विसरणं गावी भंडाऱ्याला असंच आकड्यांपासून सुरू झालं होतं. आधी वीजबिलाचा आकडा, मग तारीख, मग वार. आणि एका दुपारी चहा घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोला त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" गोपीनाथ तेव्हा शेजारच्याच खुर्चीत होते. यंदा बुद्ध पौर्णिमेला घरी पंचशील म्हणताना ते स्वतः चौथ्या शीलाशी अडकले. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, अरुणानं पुढचं म्हणून टाकलं. तिच्या काही लक्षात आलं नाही असं समजून त्यांना हायसं वाटलं. नोकरी अजून उरली होती. ऑफिसात ते प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत आणि घरी होता होईल तो गप्प राहत.

खेळ सुरू झाला. सुरुवातीचे आकडे लहान होते, निभावले. आपले पॉइंट त्यांनी डाव्या हाताची बोटं मिटून धरून ठेवले, निगमांचे तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले. कोणाला संशय आला नाही. मग एकदा चेंडू बराच वेळ इकडून तिकडे जात राहिला, निगम भाभींनी तो जाळीत मारला, आणि अरुणानं टाळी द्यायला हात पुढे केला. गोपीनाथांनी आनंदाच्या भरात टाळी दिली. डाव्या हाताची.

चेंडू त्यांच्याकडे आला. डोकं पाटी पुसल्यासारखं कोरं.

"बोलिए मेश्रामजी," निगमसाहेब म्हणाले.

ते खाली वाकले आणि चांगली बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधू लागले.

"पाच, चार, दोन," शेजारून अरुणा मराठीत म्हणाली. त्यांच्याकडे न बघता, येताना कोथिंबीर आणा म्हणावं तशा आवाजात. "आणि लेस घट्ट बांधा."

"क्या हुआ, भाभी?" पलीकडून निगम भाभींनी विचारलं.

"कुछ नहीं. कह रही हूँ, फीता ठीक से बाँध लीजिए, गिर जाएँगे."

"हमारे ये भी ऐसे ही हैं," निगम भाभी हसल्या.

गोपीनाथ उठले. "पाँच, चार, दो," त्यांनी खणखणीत सांगितलं आणि सर्व्हिस केली. निगमसाहेबांनी परतवलेला चेंडू रेघेबाहेर गेला. आणखी एक पॉइंट.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण त्यांनी तिला काही विचारलंच नव्हतं. ती दचकलीही नव्हती. 'काय हो, एवढ्यात विसरलात?' असं म्हणून हसलीही नव्हती. हल्ली अरुणा फार बडबडी झालीय, असं ते समजत होते. फाटकाशी पोचलं की चौकीदाराला "कैसे हैं पांडेजी?" असं आधी तीच मोठ्यानं म्हणायची. लेकीचा फोन हातात देताना "अंतरा आहे, उद्या तिचा इंटरव्ह्यू आहे बरं का" असं सांगायची. आज कोर्टवर येतानासुद्धा लांबूनच म्हणाली होती, "ते बघा, निगमसाहेब आलेसुद्धा." प्रत्येक वेळी त्यांना नावाची गरज पडायच्या जरा आधी. हे कधीपासून चाललंय, ते तिला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

चेंडू पुन्हा त्यांच्याकडे आला. या खेपेला आकडे लख्ख आठवत होते. सहा, चार, दोन. शपथेवर सांगितले असते इतके पक्के. तिला दिसावं म्हणून ते मुद्दाम तिच्याकडे वळले आणि त्यांनी तोंड उघडलं.

अरुणा ओढणी सावरल्यासारखं करत खाली बघत होती. तिचे ओठ आधीच हलू लागले होते.