‘घ’चा पदर

“शेतात घान पिकते,” शामकलाने वाचलं.

शाळा खो खो हसली. पुस्तकात ‘धान’ होतं. धानाच्या मुलखात धानाला घाण म्हणणारी पोरगी, आणि तीही उदेलाल पटेलांची नात! शाळेच्या ओसरीत बसलेल्या उदेलालने सकाळीच बजावलं होतं, “आज नाव कटलं का चैतात लगीन.” शामकलाला नुकतंच नववं लागलं होतं.

गोंदियाहून बैलांच्या दमणीने परीक्षा घ्यायला आलेल्या डिपुटीसाहेबांनी हजेरीपुस्तक पुढे ओढलं आणि तिचं नाव कापायला टाक दौतीत बुडवला.

“का अडतेस गं?”

“अक्षरं एका जागी राहत नाही जी.”

पुन्हा हशा. “डोक्यात गोटे आहेत, साहेब,” शालीकराम मास्तर म्हणाले. छडीने जे येत नाही ते जन्मात येत नाही, असं त्यांचं शास्त्र. “वर हिची माय हिला मातीची अक्षरं करून देते. पोळ्याचे बैल केल्यासारखी! आजच त्या अक्षरांची टोपली उकिरड्यावर फेकली मी.”

हिची माय, सुखवंता, दारातच उभी होती. कपाळापर्यंत पदर. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण पोरीच्या पाटीवरचं बघून बघून तिने अक्षरं वळली होती आणि वळता वळता एक खूण तिच्या हाती लागली होती. या दोघी जुळ्या बहिणी. एकीच्या डोक्यावर सलग रेघेचा पदर, ती घ. दुसरीचं डोकं उघडं, ती ध. मातीवर बोट फिरवलं की शामकला कधी चुकत नसे. कागदावर मात्र दोघी बहिणी तिला चकवत.

“हे शेवटचं,” म्हणत साहेबांनी पाटीवर ‘धार’ लिहिलं आणि पाटी उंच धरली.

शामकलाने पाहिलं. पहिलं अक्षर हललं. धार? की घार? तिने दाराकडे पाहिलं.

सुखवंतानेही पाटी पाहिली होती. तिचा हात वर गेला आणि थांबला. सासरा पाच हातांवर बसलेला. मास्तर, साहेब, अर्धा गाव. लग्न होऊन आल्यापासून यातल्या एकाही पुरुषाने तिचे केस पाहिले नव्हते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने डोळे मिटले आणि पदर खांद्यावर पाडला.

“बहू!” उदेलाल ताडकन उठला. “लाज इकून खाल्ली का?”

“धार,” शामकला म्हणाली.

साहेबांनी पोरीकडे पाहिलं, मग त्या उघड्या डोक्याच्या बाईकडे, मग पाटीवरच्या ‘ध’कडे. पुष्कळ वेळ पाहिलं.

“बसा पटेल,” ते म्हणाले. पण उदेलाल बसला नाही.

साहेबांनी पाटी पुसली. शामकलाला दाराकडे पाठ करून उभं केलं, दुसरा शब्द लिहिला आणि पाटी टेबलावर आडवी ठेवली. आता दारातून काही दिसत नव्हतं.

“वाच.”

शामकलाचं बोट पाटीकडे गेलं. “बोट नको!” मास्तर ओरडले आणि त्यांची छडी उचलली गेली.

“फिरवू द्या तिला,” साहेब म्हणाले. टाक अजून दौतीतच होता.

बोट हळूहळू चढू लागलं. सुखवंताला नुसतं पोरीचं कोपर हलताना दिसत होतं, आणि काहीच करता येत नव्हतं. बोट अक्षराच्या डोक्यावर पोचलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मध्ये कुठे फट लागली नाही. शामकलाने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

“घ,” ती म्हणाली. “घर.”

साहेबांनी टाक पुसून ठेवला आणि हजेरीपुस्तक मिटलं.

शामकला वळली. माय अजून तशीच उभी होती, उघड्या डोक्याने, आणि आजा रागाने थरथरत तिच्या अंगाशी येऊन उभा होता.

“माय, पदर घे ना व,” शामकला म्हणाली. “साहेबानं घर लिवलं.”